शनिवारची भूतदया

‘घोडी मेली ओझ्यानें आणि शिंगरूं मेलें हेलपाट्यानें’ ही म्हण ज्यानें प्रथम उच्चारली त्यानें घोड्यांच्या दोन मरणांची नोंद करून ठेवली. परंतु तिसऱ्या प्रकारचें मरण त्याच्या काळीं प्रचारांत नव्हतें, म्हणून तें म्हणींत यावयाचें राहून गेलें. हें तिसरें मरण हौसेनें येतें. येथें पाठीवर ओझें नसतें, आईच्या मागें धांवण्याचा हेलपाटाहि नसतो. उलट गळ्यांत रंगीत गोंडे असतात, तबेल्याच्या दारावर नांवाची पाटी असते आणि मालकाच्या भ्रमणध्वनींत त्या जनावराचीं शेंकडों छायाचित्रें असतात. तरीहि तें जनावर आठवड्याचे पांच दिवस उपेक्षेंत आणि दोन दिवस लाडांत काढतें, आणि या दोहोंपैकीं लाडच त्याला अधिक बाधतात. या हौसेविरुद्ध चार शब्द स्पष्टपणें लिहावे एवढ्याच हेतूनें हा लेख लिहिला आहे. ज्यांना तो झोंबेल ते आमचे वाचकच आहेत, त्यांतले पुष्कळ आमचे स्नेही आहेत, आणि त्यांच्यापैकीं बहुतेक जण मनानें दुष्ट नाहींत, हें आम्ही जाणतों. दुष्टांसाठीं लेख लिहावा लागत नाहीं, त्यांच्यासाठीं कायदा असतो. लेख लिहावा लागतो तो सज्जनांच्या निष्काळजीपणाविरुद्ध.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मुंबई-पुण्याच्या सुस्थित कुटुंबांनीं शहराबाहेर जमिनीचे तुकडे घेऊन त्यांवर घरें बांधण्याचा परिपाठ पाडला आहे. या घरांना सर्वजण ‘फार्महाऊस’ म्हणतात. आम्ही त्यांना शेतघरें म्हणूं, जरी त्यांतल्या पुष्कळांत शेत शोधूनहि सांपडत नाहीं. मुळशी, मावळ, कर्जत, अलिबाग या बाजूंना रस्त्यानें जातांना त्यांच्या फाटकांची रांगच लागते. शहरांतल्या कोंडलेल्या खोल्यांत राहणाऱ्या माणसाला झाड, माती आणि मोकळी हवा हवीशी वाटावी यांत गैर कांहींच नाहीं. आमचा आक्षेप घराला नाहीं, झाडांनाहि नाहीं. आक्षेप आहे तो पुढच्या पायरीला. घर झालें, हिरवळ झाली, झोपाळा टांगला. तरी कांहीं तरी उणें वाटूं लागतें. चित्र पुरें झालें, पण त्यांत हलणारें कांहीं नाहीं! मग प्रथम कुत्रें येतें. आणि तेंहि गांवचें नव्हे, तर सैबेरियाच्या बर्फांत गाड्या ओढण्यासाठीं जोपासलेल्या जातीचें, ज्याला कर्जतचा वैशाख म्हणजे प्रत्यक्ष भट्टी. त्याच्या मागोमाग बदकें येतात, मान लांब करून अंगावर येणारे हंसपक्षी येतात, ससे येतात, ‘उंदरांसाठीं’ म्हणून मांजर येतें, मुलांना दुधाची धार दिसावी म्हणून बकरी येते. आणि सरतेशेवटीं, एखाद्या वाढदिवसाचें निमित्त होऊन, या सर्व संसारावर कळस चढावा तसा घोडा येतो.

पुढें जो गोंधळ माजतो त्याच्या कथा शहरांतल्या दिवाणखान्यांत मोठ्या चवीनें सांगितल्या जातात. बकरीनें पाहुण्यांचा रुमाल कसा खाल्ला, हंसानें मामांना विहिरीपर्यंत कसें पिटाळलें, घोडा स्वयंपाकघराच्या खिडकींतून मान घालून पोळ्यांची चळत कशी घेऊन गेला, हें ऐकतांना श्रोते पोट धरधरून हंसतात. असल्या विनोदाचें आम्हांला वावडें नाहीं. इंग्लंडांतील यॉर्कशायर परगण्यांत आल्फ्रेड वाइट नांवाचा एक पशुवैद्य होऊन गेला. जेम्स हेरियट या टोपणनांवानें त्यानें लिहिलेल्या गोष्टी जगभर वाचल्या गेल्या, आणि त्यांत जनावरांच्या गोंधळाचाच विनोद भरलेला आहे. पण त्या विनोदाची किंमत तो स्वतः मोजीत होता. हिंवाळ्याच्या रात्रीं अंथरुणांतून उठून गोठ्याच्या फरशीवर उघड्या अंगानें पडून गाईला सोडविणारा माणूस दुसऱ्या दिवशीं त्यावर हंसला, तर तो हंसण्याचा हक्क त्यानें मिळविलेला असतो. आमच्या शेतघरांची गोष्ट निराळी आहे. येथें हंसणारा एक आणि निस्तरणारा दुसरा. किस्सा शहरांत सांगितला जातो, आणि तो घडतो त्या वेळीं सांगणारा तेथें नसतो.

तो तेथें नसतांना काय घडतें? असें एक शेतघर आपण कल्पूं. वार बुधवार. पहांटे पांच वाजतां घोडा तबेल्याचें दार खुरानें बडवूं लागतो. कारण रात्रीं आठला टाकलेली वैरण दहालाच संपली आहे, आणि तेव्हांपासून तो रिकाम्या गव्हाणीचें लाकूड कुरतडीत उभा आहे. त्या आवाजानें कुत्रीं उठतात, कुत्र्यांच्या भुंकण्यानें हंसपक्षी, आणि हंसांच्या कलकलाटानें गडी. तो चहाचें आधण तसेंच ठेवून बाहेर येतो, तों काल सायंकाळीं फाटक नुसतें लोटलें होतें, कडी घालावयाची राहिली, हें त्याच्या ध्यानांत येतें. बकरी मोगऱ्याच्या वाफ्यांत उभी आहे आणि मोगरा तिच्या पोटांत आहे. तिला हांकलावें तर कुत्रा तिच्या मागें लागतो. कुत्र्याला आवरावें तर घोडा उघड्या दारांतून निसटतो. आणि निसटलेला घोडा शेजाऱ्याच्या भातांतच जातो. शेजारी बांधावर येऊन जें बोलतो तें छापण्याजोगें नसतें. पण त्यांत अन्यायहि नसतो. घोडा धरून आणीपर्यंत आठ वाजतात. मग पाणी. उन्हाळ्यांत एका घोड्याला दिवसाला 40 लिटर पाणी सहज लागतें. वीज गेली असली तर तें सारें गड्याची बायको विहिरींतून ओढते. मग लीद. घोडा दिवसाकाठीं 15 ते 20 किलो लीद टाकतो. ती रोज उचलली नाहीं तर माशा होतात, आणि ओल्या लिदींत उभें राहून खूर कुजतात. मग कुत्र्यांच्या कानांतल्या गोचिड्या, सशांच्या पिंजऱ्यांतलें मेलेलें पिलूं, मांजरानें अर्धवट सोडलेलें बदक. दाण्याच्या कणगीला उंदीर लागलेले असतात. मांजर त्यांना पुरें पडत नाहीं, आणि जें पुरें पडतें तें उंदरांच्या वासानें आपण होऊन येतें. तो साप तबेल्याच्या कोपऱ्यांत एकदां दिसला म्हणजे गड्याचीं पोरें रात्रभर डोळा मिटत नाहींत. असा बुधवार मावळतो. रात्रीं शहरांतून फोन येतो: “काय रे, सगळें ठीक ना? राजाचा एखादा फोटो पाठव बघूं.” आणि दुसरे दिवशीं गुरुवार उजाडतो.

आतां कोणी म्हणेल, गोंधळ कोणत्या घरांत नसतो? जनावर म्हटलें म्हणजे एवढें चालावयाचेंच. आमचें म्हणणें नेमकें उलट आहे. हा गोंधळ जनावरांच्या स्वभावांतून उत्पन्न झालेला नाहीं. तो मालकाच्या गैरहजेरींतून उत्पन्न झाला आहे. घोडा दार बडवितो तें मस्तीनें नव्हे. निसर्गानें त्याला दिवसाचे पंधरा-सोळा तास चरण्यासाठीं घडविला आहे. त्याचें जठर त्याच्या देहाच्या मानानें फार लहान; त्यांत थोडें थोडें पण सतत अन्न जावें अशीच त्याची रचना. त्याला दोन वेळां चंदीचा तोबरा बांधून मधल्या वेळीं उपाशी ठेवणें म्हणजे त्याच्या पोटांत आम्लाचे व्रण निर्माण करणें होय. शिवाय घोड्याला ओकतां येत नाहीं. माणसाला, कुत्र्याला, मांजराला अपथ्य झालें तर ओकून मोकळें होतां येतें. घोड्याच्या अन्ननलिकेचें आणि जठराचें दार एकाच बाजूला उघडतें. जें आंत गेलें तें पुढेंच गेलें पाहिजे, आणि पुढें न गेलें तर पोटशूळ उठतो. आणि पोटशूळानें घोडा एका रात्रींत मरूं शकतो. जो हें जाणतो तो पावसाळ्यांत बुरशी धरलेला कडबा घोड्यापुढें टाकणार नाहीं, कोवळी ज्वारी कापून घालणार नाहीं, आणि पाहुण्यांच्या हातची जिलबी त्याच्या तोंडाजवळहि जाऊं देणार नाहीं. पण गड्याला हें कोणी शिकविलेलें नसतें, आणि मालकानें तें शिकून घेतलेलें नसतें.

मग शनिवार उजाडतो. मोटारी येतात, पाहुणे येतात, मुलें येतात. पांच दिवस दोरीला बांधलेला घोडा आज एकदम बाहेर काढून त्यावर एकामागून एक दहा-बारा मुलें बसविलीं जातात. एखादा हौशी काका त्याला माळावर भरधांव सोडतो. युरोपांत ज्या काळीं घोडे गाड्या ओढीत त्या काळीं एक रोग सर्वांच्या परिचयाचा होता. रविवारीं घोड्याला सुटी, पण चंदी मात्र नेहमींची. सोमवारीं कामाला जुंपतांच त्याचे स्नायू लांकडासारखे ताठत, त्याला घाम फुटे, लघवी काळपट होई, आणि कित्येकदां तो जागींच कोसळे. त्याला ते लोक सोमवारचा रोग म्हणत. त्यांचा घोडा एक दिवस बसून असे, आमचा पांच दिवस बसून असतो. शेतघरांनीं त्या रोगाचा वार तेवढा बदलून शनिवार केला आहे. शनिवारीं हा ताण, रविवारीं गूळ, पाव, केळीं आणि उरलेली पुरणपोळी, आणि सोमवारीं मालक कचेरींत बसले असतां फोन येतो: “साहेब, घोडा लई लोळतुया. उठंना झालाय.” “अरे, मग डॉक्टरांना बोलाव ना!” “बलावलं जी. ते म्हंत्यात, लांब हाय, सांच्यापातूर येतो.” सायंकाळपर्यंत घोडा वाट पाहील कीं नाहीं, हें घोड्याच्याहि हातीं नसतें.

मुंबईला परळ येथें पशुवैद्यकाचें महाविद्यालय 1886 सालीं स्थापन झालें. तेव्हांपासून आजपर्यंत चांगले पशुवैद्य या प्रांतांत निपजत आले आहेत. पण तालुक्याच्या दवाखान्यांतल्या पशुवैद्याचा दिवस गाईम्हशींत आणि शेळ्यांत जातो. घोड्याचा त्यांच्याशीं क्वचितच संबंध येतो. नालबंद तर गांवोगांवहून केव्हांच नाहींसे झाले. घोड्याचा खूर आपल्या नखासारखा अखंड वाढत असतो, आणि दर सहा ते आठ आठवड्यांनीं तो तासावा लागतो. न तासला तर पुढें वळतो, फुटतो आणि घोडा लंगडूं लागतो. घोडा विकत घेण्यापूर्वीं ‘येथून सर्वांत जवळचा नालबंद कोठें राहतो?’ हा प्रश्न किती मालकांनीं विचारला असेल? मोटार घेतांना दुरुस्तीचें दुकान कोठें आहे याची चौकशी करणारा माणूस घोडा घेतांना मात्र त्याचा रंग आणि आयाळ पाहतो!

कुत्र्यांची कथा याहून फारशी निराळी नाहीं. दिवसभर सांखळीला असलेलें कुत्रें रात्रीं राखणीसाठीं मोकळें सोडलें जातें, किंवा त्याहून वाईट म्हणजे रात्रींहि बाहेर बांधून ठेवलें जातें. नगर जिल्ह्यांतील अकोले भागांत बिबट्यांच्या आहाराचा विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अभ्यास केला, तेव्हां त्या आहारांत सर्वांत मोठा वाटा पाळीव कुत्र्यांचा असल्याचें आढळून आलें. सह्याद्रीच्या पायथ्याशीं फाटकापाशीं कुत्रें बांधणें म्हणजे बिबट्यासाठीं पान वाढून ठेवणें आहे. आणि एकदां पान वाढलेलें आहे हें कळलें, कीं बिबट्या येतो तो मालकाच्या नव्हे, गड्याच्या अंगणांत. मालक त्या वेळीं चौदाव्या मजल्यावर निद्रिस्त असतात.

म्हणून या प्रकरणीं पहिला प्रश्न जनावराचा असला तरी दुसरा प्रश्न माणसाचा आहे. त्या माणसाला राखणदार म्हणून ठेवलेलें असतें. पगार ठरला तो घराची राखण, झाडांना पाणी आणि फाटकाची किल्ली एवढ्या कामाचा. मग कुत्रें आलें, पगार तोच; बकरी आली, पगार तोच; घोडा आला, त्या दिवशीं सर्वांना पेढे वाटले, आणि पगार तोच. पूर्वीं ज्यांच्या पागा असत त्यांच्याकडे एकेका घोड्यामागें मोतद्दार असे. खरारा, दाणा, पाणी, अगाडी-पिछाडी हा एक स्वतंत्र धंदा होता, आणि तो बापाकडून मुलगा शिके. आज तेंच काम ज्याच्यावर लादलें जातें त्यानें आयुष्यांत घोड्याला हात लावलेला नसतो. लाथ बसली तर त्याची बरगडी जाते, चावा बसला तर त्याचा हात जातो. ग्लँडर्स नांवाचा एक रोग घोड्यांना होतो. त्यावर लस नाहीं, तो माणसालाहि जडतो, आणि तो इतका भयंकर समजला गेला कीं 1899 सालीं त्याच्यासाठीं हिंदुस्थानांत स्वतंत्र कायदा करावा लागला. 2009 च्या नव्या कायद्यानें त्याची जागा घेतली, पण रोगाची दहशत होती तशीच आहे. घोडा बाधित ठरला कीं त्याला मारावेंच लागतें. ज्या गड्याची बायको रोज ती लीद हातानें उचलते तिला या रोगाचें नांव तरी कोणी सांगितलें आहे काय? सर्पदंशावर जें औषध आपल्या इस्पितळांत टोंचतात तें घोड्याच्याच रक्तांतून काढलेलें असतें. म्हणजे घोड्याच्या दाण्यापायीं आलेल्या सापापासून गड्याचें पोर वांचलेंच, तर तें दुसऱ्या कोणा घोड्याच्या उपकारानें वांचावयाचें, मालकाच्या नव्हे.

आतां प्रतिपक्षाकडे वळूं. पहिलें समर्थन असें, कीं प्राण्यांच्या सहवासानें मुलांच्या अंगीं भूतदया बाणते. हें तत्त्व आम्हांला मान्य आहे. म्हणूनच शेतघरांचा व्यवहार आम्हांला अमान्य आहे. मूल शिकतें तें उपदेशानें नव्हे, पाहून. शनिवारीं येऊन घोड्यावर बसणारें आणि रविवारीं परत जाणारें मूल काय पाहतें? बसावयाचें आपण आणि लीद काढावयाची दुसऱ्यानें. प्रेम म्हणजे थोपटणें, आणि सेवा म्हणजे नोकराचें काम! ही भूतदया नव्हे. ही लहानपणींच दिलेली सरंजामशाहीची दीक्षा आहे. आपल्याच महाभारतांत याहून चांगला धडा आहे. अज्ञातवासांत नकुल हा राजपुत्र विराटाच्या पागेवर ग्रंथिक नांवानें अश्वपाल होऊन राहिला, आणि त्या कामांत त्याला कमीपणा वाटला नाहीं. अश्वविद्या त्याला अवगत होती ती केवळ स्वार म्हणून नव्हे. जयद्रथवधाच्या दिवशीं, सूर्य कलूं लागला असतां, ऐन रणांत अर्जुनाचा रथ थांबतो. श्रीकृष्ण घोडे सोडतो, त्यांच्या अंगांतले बाण उपटतो, त्यांना चोळतो, पाणी पाजतो, आणि मग पुन्हां जुंपतो. प्रतिज्ञेला घटका उरल्या असतांहि घोड्यांच्या तहानेला सवड मिळते! त्या दिवशीं भगवंताला वेळ होता. आमच्या मालकांना तो आठवड्यांतून पांच दिवस नसतो.

दुसरें समर्थन इतिहासाचें. मराठ्यांचा इतिहास घोड्याच्या पाठीवर घडला, तेव्हां घोडा पाळणें हा आमचा वारसा आहे, असें छाती पुढें काढून सांगण्यांत येतें. वारसा खरा, पण त्याची नीट चौकशी करावी. मराठी फौजेंत दोन प्रकारचे स्वार असत. बारगीराला घोडा सरकारांतून मिळे, शिलेदार आपला घोडा आपण बाळगी. शिलेदाराचा घोडा मेला तर त्याची उपजीविका जाई. म्हणून तो आपण जेवण्यापूर्वीं घोड्याच्या चंदीची चौकशी करी. शेतघराचा मालक या दोहोंपैकीं कोणता? घोडा त्याच्या मालकीचा, म्हणून बारगीर नव्हे. घोड्याच्या मरणानें त्याच्या ताटांतला घांसहि कमी होत नाहीं, म्हणून शिलेदारहि नव्हे. इतिहासानें या तिसऱ्या प्रकाराला नांव दिलें नाहीं, कारण असा माणूस मोहिमेच्या पहिल्या मुक्कामापलीकडे पोहोंचला नसता.

तिसरें समर्थन अधिक भारदस्त आहे. हौशी लोकांनीं घोडे पाळले नाहींत तर देशी जाती नामशेष होतील, असें तें आहे. याचा विचार केला पाहिजे. भीमा आणि नीरा यांच्या खोऱ्यांतलीं भीमथडीचीं तट्टें एके काळीं नांवाजलेलीं होतीं, आणि अलीकडे त्यांची स्वतंत्र जात म्हणून नोंदहि झाली आहे. पण मधल्या दीडदोनशें वर्षांत तीं जगलीं कोणाच्या आधारानें? मेंढ्यांचे कळप घेऊन रानोमाळ हिंडणाऱ्या धनगरांच्या आधारानें. त्यांचा संसार त्या तट्टांच्या पाठीवर चाले, म्हणून तट्टें राहिलीं. तापीच्या कांठीं सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास घोड्यांचा मोठा बाजार भरतो, तेथें शेतघरवाल्यांची दृष्टि कोणत्या जनावरावर जाते हें पाहावें. ती जाते मारवाडी किंवा काठेवाडी उंची घोड्यावर, वळलेल्या कानांवर आणि नाचऱ्या पावलांवर. भीमथडीचें बुटकें, कणखर, कांट्यांवर चरणारें तट्टूं कोणाच्या हिरवळीला शोभा आणीत नाहीं. जातिसंवर्धन हें वंशावळीचें, पैदाशीचें आणि चिकाटीचें काम आहे. एकटा खच्ची केलेला घोडा झोपाळ्याशेजारीं बांधल्यानें कोणत्याहि जातीचें संवर्धन होत नाहीं.

चौथें समर्थन रोजगाराचें. त्याला उत्तर वर येऊन गेलेंच आहे. रोजगार म्हणजे कामाला दाम. कामें वाढवून दाम तेवढेंच ठेवणें याला मराठींत दुसरा शब्द आहे, आणि तो वेठ हा होय.

येथें एका विसंगतीकडे बोट दाखविणें अवश्य आहे. मुंबईंत व्हिक्टोरिया गाड्यांच्या घोड्यांचे हाल पाहून आपल्याच वर्गानें कळवळून ओरड केली, आणि ती योग्य होती. 2015 सालीं उच्च न्यायालयानें त्या गाड्या बेकायदा ठरवून वर्षाच्या आंत बंद करण्यास सांगितलें, तेव्हां आपण समाधान मानलें. डांबरी रस्त्यावर, अंधाऱ्या तबेल्यांत घोडा राबविणारा गाडीवाला आपल्याला निर्दय दिसला. पण तो गाडीवाला निदान त्या घोड्याशेजारींच झोपत होता. घोडा आजारी पडला तर त्याची चूल विझत होती. माथेरानला मोटारींना बंदी असल्यामुळें घोड्यांवर पोट भरणारीं कुटुंबें आहेत. तेथील घोडेवाल्याला आपल्या घोड्याचा कोणता पाय केव्हां दुखतो हें विचारा, तो सांगेल. गरिबाच्या गरजेंतल्या दोषांना आपण क्रौर्य म्हणतों आणि आपल्या हौसेंतल्या दोषांना गंमत म्हणतों. 1960 च्या प्राणिक्लेशप्रतिबंधक कायद्यानें जनावराला पुरेसें अन्न, पाणी व निवारा न देणें हा मालकाचा गुन्हा ठरविला. पण पहिल्या गुन्ह्याला दंड ठेवला तो 10 ते 50 रुपये. आजच्या भावानें त्या रकमेंत घोड्याची एका वेळची चंदीहि येत नाहीं. कायद्याचा धाक नाहीं, शेजाऱ्यांची नजर नाहीं, गड्याला तोंड नाहीं. अशा ठिकाणीं जनावराचें रक्षण करणारी एकच गोष्ट उरते, आणि ती म्हणजे मालकाची सदसद्विवेकबुद्धि. म्हणूनच तिला हांक मारण्याचा हा उद्योग.

सर्वांत दुःखाची गोष्ट पुढेंच आहे. घोडा नीट ठेवला तर पंचवीस-तीस वर्षें जगतो. मुलगी आठ वर्षांची असतांना तिच्या वाढदिवसाला चार वर्षांचा घोडा आणला, असें समजूं. ती अठरा वर्षांची होऊन शिक्षणासाठीं परगांवीं जाते तेव्हां घोडा चौदा वर्षांचा असतो. त्याचें निम्में आयुष्य अद्याप शिल्लक असतें. नव्याचे नऊ दिवस सरलेले असतात. आतां मोटारी महिन्यांतून एकदां येतात, पुढें दिवाळीलाच येतात. मग ‘एका चांगल्या माणसाला देऊन टाकला’ असें एक वाक्य ऐकूं येतें. तो चांगला माणूस कोण, हें कोणी विचारीत नाहीं. पुष्कळदां तो वरातीच्या घोड्यांचा धंदा करणारा असतो; आणि ज्या जनावराला पावसाळी माळाची संवय, तें उतारवयांत ढोलताशांच्या कल्लोळांत, डोळे दिपविणाऱ्या दिव्यांत, नाल झिजलेल्या पायांनीं उभें राहतें. कुत्र्यांना तर तेवढाहि खरेदीदार मिळत नाहीं. त्यांच्यासाठीं फाटक उघडलें जातें, एवढेंच.

मग घोडा कोणीं पाळूंच नये काय? असें आमचें म्हणणें नाहीं. जो तेथें राहतो त्यानें पाळावा. ज्याला राहतां येत नाहीं, आणि तरीहि आपली हौस अनावर आहे असें वाटतें, त्यानें आधीं कांहीं गोष्टी कराव्या. घोडा हा कळपांतला प्राणी आहे. एकटा ठेवावयाचा असेल तर ठेवूं नये, दोन ठेवण्याची ऐपत नसेल तर एकहि ठेवूं नये. शिकलेला मोतद्दार नेमावा, आणि त्याला राखणदाराचें नव्हे तर मोतद्दाराचें वेतन द्यावें; साप्ताहिक सुटी द्यावी, आणि त्या सुटीच्या दिवशीं खरारा स्वतः करावा. वर्षभराची कोरडी वैरण पावसाळ्यापूर्वीं उंच माच्यावर रचून ठेवावी. नालबंदाचा आणि घोड्याचें ज्ञान असलेल्या पशुवैद्याचा ठिकाणा, जनावर दारांत येण्यापूर्वीं, भिंतीवर लिहून ठेवावा. धनुर्वाताची टोंचणी घोड्याला आणि गड्याला दोघांनाहि द्यावी. कुत्र्यांना पिसाळण्यावरची लस दरवर्षीं द्यावी, आणि रात्रीं त्यांना आंत घ्यावें. पाहुण्यांच्या हातांतला गूळ काढून घेण्याइतका उद्धटपणा अंगीं आणावा. आणि सर्वांत शेवटीं, तें जनावर म्हातारें होऊन मरेपर्यंतच्या खर्चाची तरतूद, मुलीच्या शिक्षणाची करतों तशी, पहिल्याच दिवशीं करावी. एवढें सगळें करावयाचें ठरविलें म्हणजे दहांपैकीं नऊ घोडे बाजारांतून शेतघरावर येणारच नाहींत. आणि दहावा येईल तो सुखानें राहील.

उरलेल्या नऊ घरांतल्या मुलांना घोडा पाहावयाचा असेल तर त्यांना माथेरानच्या एखाद्या घोडेवाल्याकडे न्यावें, त्याला त्याच्या दिवसाचे पैसे द्यावे, आणि मुलांच्या हातीं खरारा देऊन तासभर घोडा घांसावयास लावावें. त्यांना घाम येईल, कपडे मळतील, लिदीचा वास केसांत राहील. आणि घोडा म्हणजे काय हें त्यांना शेतघरावरच्या शंभर शनिवारांत कळलें नसतें इतकें त्या एका तासांत कळेल. प्राणी ही रोजची गोष्ट आहे. भूक शनिवारची वाट पाहत नाहीं, पोटशूळ रविवारपर्यंत थांबत नाहीं. ज्याला आपला बुधवार देतां येत नाहीं, त्यानें शनिवारसाठीं घोडा घेऊं नये.